भीती जाण्याची वाट पाहू नका

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी संयोजकांनी तुमच्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. नाव लिहायचं नव्हतं. प्रश्न दोनच होते : स्वतःच्या आयुष्यात तुम्हाला कोणता बदल करायचा आहे आणि अडतंय कुठे? जेवणाच्या सुट्टीत मी त्या सगळ्या वाचल्या. लॅपटॉपवर तयार करून आणलेलं भाषण बाजूला ठेवलंय. या चिठ्ठ्यांवरच बोलतो.

एकीला एम. एस्सी. करायला पुण्याला जायचंय, वसतिगृहात राहायचंय. एकाला लग्नात जहेज घ्यायचं नाही, पण अम्मीला सांगायची हिंमत होत नाही. एकाच्या अब्बांचा इंतकाल झाला, दोघा भावांनी घर वाटून घेतलं, बहिणीचा वाटा कुणी काढला नाही. त्याला तो द्यायचाय. एकीला बुरखा सोडायचाय. दुसऱ्या एकीला हिजाब घालायचाय, पण कॉलेजातल्या मैत्रिणी नावं ठेवतील असं तिला वाटतं. दोघांना धर्माबाहेर लग्न करायचंय. एकाने फक्त एवढंच लिहिलंय, 'डॉक्टरकडे जायचंय, मनाच्या.'

बदल इतके वेगवेगळे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जवळपास सगळ्यांचं एकच. काहींनी मराठीत लिहिलंय, काहींनी आपल्या घरच्या भाषेत : 'लोगां क्या बोलेंगे?'

मी मानसशास्त्राचा माणूस नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मोठी यंत्रणा चालू ठेवून तिच्यात बदल करणं हे माझं रोजचं काम. त्या कामात भीती असतेच. म्हणून भीतीकडे बघण्याची एक सवय लागली आहे, ती तुमच्यासमोर मांडतो.

भीती वाटणं म्हणजे ईमान कच्चं असणं नव्हे

आपल्याकडे मुलांना लहानपणापासून सांगितलं जातं की, ज्याचा अल्लाहवर भरोसा आहे तो कुणाला भीत नाही. ऐकायला छान वाटतं. पण त्याचा परिणाम असा होतो की, भीती वाटली की आपल्याला स्वतःचीच लाज वाटते. मग ती भीती आपण कुणाला सांगत नाही, आणि न सांगितलेली भीती वाढतच जाते.

आता आपल्याच परंपरेत काय सांगितलंय ते पाहा. हिरा गुहेत पहिला संदेश आला तेव्हा पैगंबर थरथरत घरी आले आणि अंगावर पांघरूण घालायला सांगितलं, असं हदीसमध्ये आहे. खदीजांनी त्यांना धीर दिला, आणि नंतर आपल्या जाणत्या चुलतभावाकडे, वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. हजरत मूसांची कहाणी कुरआनात अनेक ठिकाणी येते. फिरऔनसमोर जायचा हुकूम झाला तेव्हा ते लगेच निघाले नाहीत. ते मला मारून टाकतील, माझी जीभ अडखळते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि भाऊ हारून सोबत हवा असं मागितलं. ते मागणं मान्यही झालं.

मी धर्मोपदेश करायला उभा नाही. पण ज्यांच्या नावाने आपल्याला 'भिऊ नकोस' म्हटलं जातं, त्यांच्या गोष्टींत भीती लपवलेली नाही. त्यांनी भीती बोलून दाखवली, सोबत मागितली आणि मग पाऊल टाकलं. या तीन गोष्टी आपल्यालाही करता येतील.

भीती कशी वाढते

वसतिगृहात जायचं म्हणणाऱ्या मुलीचं उदाहरण घेऊ. समजा ती ठरवते, आज रात्री जेवणानंतर अब्बांशी बोलायचं. संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, हात गार पडतात, घसा कोरडा होतो. जेवण होतं. अब्बा टीव्ही लावतात. ती मनात म्हणते, 'आज ते दमलेत, उद्या बोलू.' असं ठरवल्याबरोबर गोळा विरघळतो, श्वास मोकळा होतो.

खरी गडबड या सुटकेत आहे. मेंदू त्या क्षणी एक धडा शिकतो : बोललो नाही म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी गोळा आणखी लवकर येतो, आणखी मोठा असतो. महिनाभर असं चाललं की अब्बा आहेत तेवढेच असतात, पण तिच्या डोक्यातले अब्बा दुप्पट कडक झालेले असतात. प्रत्यक्षात त्यांनी अजून 'नाही' म्हटलेलंच नाही. त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

टाळल्याने भीती टिकते. मानसोपचारात चिंतेवर जे उपचार करतात त्यांतला एक महत्त्वाचा उपचार याच्या उलट जाण्याचा आहे : ज्याची भीती वाटते त्याच्या समोर थोडं थोडं, पायरी-पायरीने जायचं आणि तिथे थांबायचं. शरीराचा भोंगा कायम वाजत राहू शकत नाही. आपण पळून गेलो नाही तर तो काही वेळाने आपोआप खाली येतो. पुढच्या वेळी तो थोडा कमी वाजतो.

म्हणून 'भीती गेली की करीन' हा हिशेब उलटा आहे. भीती सहसा आधी जात नाही. ती काम करताना सोबत असते आणि केल्यानंतर हळूहळू कमी होते. वाट पाहत बसलात तर वाट पाहण्याचाच सराव होतो.

धोका, नुकसान आणि अस्वस्थता

आता दुसरी बाजू. 'भीती झटकून टाक, उडी मार' असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मी तसं सांगणार नाही. काही भीती खरी असते. आमच्या कामात एखादा बदल चालू यंत्रणेत टाकायचा असतो तेव्हा आम्ही आधी कागदावर लिहितो : काय बिघडू शकतं, किती बिघडू शकतं, आणि बिघडलं तर मागे कसं यायचं. तसंच आपल्या भीतीचं करावं. कागद घ्या आणि तीन रकाने करा.

पहिला रकाना धोका. जीव, मारहाण, कोंडून ठेवणं, कागदपत्रं काढून घेणं, जबरदस्तीने लग्न लावणं. हे असेल तर तो धाडसाचा प्रश्न नाही, संरक्षणाचा प्रश्न आहे. इथे एकट्याने, तयारीशिवाय काहीही करायचं नाही. शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना सांगितलंय की, आपल्या मर्जीने लग्न करणाऱ्या जोडप्यांना संरक्षण द्यावं, त्यांच्यासाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय असावी. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. महिलांसाठी १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक आहेत. मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या प्रती सुरक्षित जागी ठेवणं, हाताशी थोडे पैसे ठेवणं, आपण कुठे आहोत हे विश्वासाच्या एका माणसाला माहीत असणं, हे सगळं आधी करायचं.

दुसरा रकाना नुकसान. घरून खर्चाचे पैसे बंद होतील, एखादं स्थळ मोडेल, जमातीत बोलावणार नाहीत. याचा हिशेब करता येतो. पैसे बंद झाले तर किती महिने चालेल? शिष्यवृत्ती आहे का? अर्धवेळ काम मिळेल का? आणि जमातीच्या बहिष्काराबद्दल सांगायचं तर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा कायदा फक्त जातपंचायतींसाठी आहे असा समज आहे. कोणत्याही धर्माच्या समूहाने टाकलेल्या बहिष्काराला तो लागू होतो. कायदा माहीत असला म्हणून लगेच पोलिसात जावं असं नाही. पण तो आहे हे माहीत असल्याने बोलताना आवाज कापत नाही.

तिसरा रकाना अस्वस्थता. फूफी तोंड फिरवेल, चुलतभाऊ टोमणे मारतील, मोहल्ल्यात चार दिवस चर्चा होईल, अम्मी रडेल, मला स्वतःला अपराधी वाटेल. हे दुखतं, पण यात मोडत काही नाही. ते सहन करता येतं.

चिठ्ठ्या वाचताना मी अंदाज घेत होतो. धर्माबाहेर लग्न करू इच्छिणाऱ्या दोघांना पहिला रकाना गंभीरपणे भरावा लागेल. बाकी बहुतेकांच्या यादीतलं बरंचसं तिसऱ्या रकान्यात बसतं. अडचण अशी की आपलं शरीर तिन्ही रकान्यांसाठी एकच भोंगा वाजवतं. फूफीच्या टोमण्यालाही तोच गोळा, जिवाच्या धोक्यालाही तोच. रकाने कागदावरच वेगळे होतात, पोटात होत नाहीत.

तीस दिवसांची नोटीस

एक ठोस उदाहरण घेतो, कारण ते माझ्याही घरात घडलंय.

हमीद दलवाई आणि मेहरुन्निसा यांचं लग्न १९५६ साली झालं. निकाह झाला आणि त्यानंतर त्यांनी विशेष विवाह कायद्याखालीही लग्न केलं. तो कायदा तेव्हा दोन वर्षांचाच होता, १९५४ चा. मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन व्हायला अजून चौदा वर्षं होती. म्हणजे दलवाईंनी समाजाला काही सांगण्याआधी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली होती.

२०२३ साली ८ मार्चला, महिला दिनी, केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सी. शुक्कूर या वकिलांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. शीना यांनी याच कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. त्यांचा निकाह १९९४ मध्येच झाला होता. त्यांना तीन मुली आहेत, मुलगा नाही. आपल्याकडे चालणाऱ्या वारसा नियमांनुसार फक्त मुली असतील तर त्यांना मिळून जास्तीत जास्त दोन तृतीयांश मिळतं, आणि उरलेल्यातला वाटा वडिलांच्या भावांकडे जातो. मृत्युपत्र करूनही एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि वारसाच्या नावे करायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं की वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो : हयात जोडीदाराला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलामुलींना समान. त्या जोडप्याला तेवढंच हवं होतं. त्यांच्यावर टीका झाली, विरोधात फतवा निघाला, धमक्याही आल्या. ते मागे हटले नाहीत आणि आपण मुसलमान आहोत हेही सांगत राहिले.

आमची गोष्ट इतकी मोठी नाही. आम्हा दोघांचाही निकाह झालेला होता आणि एक मुलगी झाली होती. आम्ही याच कायद्याखाली लग्नाची नोंद करायचं ठरवलं. निकाह झालेल्या जोडप्याला तशी नोंद करता येते. अर्ज करायचा, तीस दिवसांची नोटीस लागते, त्या मुदतीत कुणी हरकत घेऊ शकतं, मग तीन साक्षीदारांसमोर नोंद. त्या तीस दिवसांचीच मला धास्ती होती. नोटीस कुणीतरी वाचेल, अब्बांच्या कानावर जाईल, मशिदीबाहेर त्यांना कुणीतरी अडवून विचारेल.

बायको म्हणाली, 'कशाकशाची भीती वाटते ते लिही तरी.' मी लिहिलं. बारा गोष्टी झाल्या. मग आम्ही ठरवलं की अब्बांना नोटिशीवरून कळायला नको, आपणच आधी सांगायचं. सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, 'निकाह तो बाकी रहता ना?' मी म्हटलं, 'रहता अब्बा.' पुढचा आठवडाभर ते माझ्याशी तुटक बोलत होते.

त्या बारांपैकी तीन गोष्टी खऱ्या झाल्या. दोन नातेवाइकांचे रागाचे फोन आले, अम्मी रडली, आणि एका चाचांनी आमच्याकडे येणं बंद केलं. ते अजूनही येत नाहीत. ईदला मी जातो, ते दार उघडतात, शीरखुर्मा देतात, पण आमच्याकडे येत नाहीत. याचं वाईट वाटतं. सगळं गोड झालं असं सांगून तुम्हाला फसवायचं नाही. बदलाची काही किंमत असते. मात्र उरलेल्या नऊ गोष्टी कधी घडल्याच नाहीत, आणि त्यांच्या धास्तीत मी किती रात्री घालवल्या त्याची मोजदाद नाही.

लोक खरंच काय म्हणतात?

'लोगां क्या बोलेंगे' या प्रश्नाचं उत्तर आपण लोकांना विचारत नाही, मनातच देतो. सौदी अरेबियात संशोधकांनी याच्यावर एक सुंदर प्रयोग केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना त्यांनी जमवलं. प्रत्येकाला गुपचूप विचारलं : बायकांनी घराबाहेर नोकरी करावी हे तुला मान्य आहे का? बहुसंख्यांनी 'हो' सांगितलं. मग विचारलं : या खोलीतल्या बाकीच्यांपैकी किती जण 'हो' म्हणतील? बहुतेकांनी आकडा खराहून कमी सांगितला. म्हणजे प्रत्येक जण मनात 'हो' म्हणत होता आणि शेजारचा 'नाही' म्हणेल या समजुतीने गप्प बसला होता.

नंतर त्यांतल्या काहींना खोलीतला खरा आकडा सांगण्यात आला. मग सगळ्यांना विचारलं, बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवायचं का? आकडा न कळलेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांशाहून थोड्या कमी पुरुषांनी नोंदवलं. कळलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश पुरुषांनी. कुणी भाषण दिलं नव्हतं, कुणाचं मन वळवलं नव्हतं. फक्त शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते कळलं होतं.

आता या सभागृहाकडे बघा. जहेज घ्यायचं नाही असं लिहिलेल्या चिठ्ठ्या एक नव्हे, पाच निघाल्या. त्या पाच जणांपैकी प्रत्येकाला वाटत असणार की आपण एकटेच आहोत.

अमेरिकेत सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग आणखी एक गोष्ट सांगतात. काही रेघांमधली दिलेल्या रेघेएवढी कोणती, एवढा सोपा प्रश्न. खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत. ते ऐकून खऱ्या सहभागी माणसाची जवळपास एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यासारखीच चुकत. पण खोलीत फक्त एकाने बरोबर उत्तर दिलं की चुकण्याचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास येई. बहुमत तिथे तसंच असे. फक्त एक सोबती मिळालेला असे.

मूसांनी हारून मागितला होता, ते आठवा.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रिया मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, या त्यांच्या मागण्या होत्या. मेहरुन्निसा दलवाई त्यांच्यात होत्या. सात हा आकडा हसण्यासारखा वाटतो. तेव्हा हसलेही असतील. पण त्या सातजणींपैकी प्रत्येकीला आपल्या बाजूला सहा जणी दिसत होत्या. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, शायराबानो खटल्यात. मधे ५१ वर्षं गेली. त्या सातजणी भीती जाण्याची वाट पाहत बसल्या असत्या तर ती सुरुवातच झाली नसती.

बाहेरची भीती

एका चिठ्ठीवर वेगळं वाक्य आहे : 'बाहेर वातावरण असं असताना घरात वाद कशाला?' हा प्रश्न गंभीर आहे, तो टाळून चालणार नाही.

नाव ऐकून घर भाड्याने न मिळणं आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. गावात तणाव झाला की अम्मी रात्री दहा वेळा फोन करते. बाहेर असं असलं की माणसं आत सरकतात, एकमेकांना घट्ट धरतात. ते स्वाभाविक आहे. पण घट्ट धरताना सगळ्यात आधी कोण आवळलं जातं? घरातल्या मुली. 'आत्ता नको', 'वातावरण निवळू दे', 'आपल्यातच फूट दिसेल'. दलवाईंनाही हेच ऐकवलं गेलं आणि आजही हेच ऐकवलं जातं. वातावरण निवळल्यावर बहिणीला वाटा देऊ असं म्हणणाऱ्या भावाचं वातावरण कधीच निवळत नाही.

बाहेरचा अन्याय खरा आहे, त्याच्याविरुद्ध आपण बोलतच राहू. पण त्याचं कारण सांगून घरातला न्याय पुढे ढकलायचा नाही. बहिणीला तिचा वाटा दिल्याने समाज कमजोर होत नाही. तो तर तिला शरियतनेही दिलेला आहे, मुलाच्या निम्मा का होईना. तोसुद्धा आपल्याकडे कितीतरी घरांत दिला जात नाही, 'माफ करून घेतला' जातो.

मग करायचं काय?

पहिलं, मोठ्या बदलाचे तुकडे करा. आम्ही यंत्रणेत सगळं एकदम बदलत नाही. थोडं बदलतो, बघतो, मग पुढचं. वसतिगृहाचं पाहिजे ना? पहिल्या आठवड्यात फक्त माहिती काढा : फी किती, दार कधी बंद होतं, तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलीचा नंबर. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या सगळ्यात मऊ माणसाला सांगा, खाला असेल, मोठा भाऊ असेल. तिसऱ्या आठवड्यात अब्बा. माहिती हातात असलेली मुलगी आणि नुसती रडणारी मुलगी, दोघींना अब्बा वेगळं उत्तर देतात.

दुसरं, मागे फिरता येईल ते आणि येणार नाही ते ओळखा. वसतिगृहातून परत येता येतं, नोकरी सोडून दुसरी धरता येते. तिथे फार विचार करत बसू नका, करून बघा. लग्न, घर विकणं, सगळ्यांसमोर तोंडातून गेलेला शब्द, इथे मागे येणं महाग पडतं. तिथे वेळ घ्या, जाणत्याला विचारा. निकाहच्या आधी निकाहनाम्यात अटी घालता येतात, तलाकचा अधिकार बायकोला सोपवण्याची तरतूद करता येते. हनफी फिकहमध्ये त्याला मान्यता आहे. ते बोलायला जड जातं, पण निकाहनंतरच्या दहा वर्षांपेक्षा आधीचा तो अर्धा तास हलका असतो.

तिसरं, बोलण्याचा सराव करा. मोठ्याने. मित्राला अब्बा करा आणि त्याला सगळ्यात कडक उत्तरं द्यायला सांगा. जहेज नको म्हणणाऱ्या मुलाने एकच वाक्य पाठ करावं : 'अम्मी, मेहर मी देणार, पण त्यांच्याकडून काही घेणार नाही.' कुणी म्हणालं की ते खुशीने देतायत, तरी तेच वाक्य. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याने मेहरला हुंड्यातून वगळलंय, हेही माहीत असू द्या.

चौथं, सोबती शोधा. एक पुरे. आज संध्याकाळी घरी जाण्याआधी एकमेकांचे नंबर घ्या. ज्या दिवशी बोलणार असाल त्या दिवशी त्याला आधी कळवा आणि झाल्यावर फोन करा.

पाचवं, आपल्या माणसांना वेळ द्या. तुम्ही या बदलाचा विचार दोन वर्षं करताय. अम्मीला तो आज रात्री आठ वाजता कळतोय. तिची पहिली प्रतिक्रिया हे तिचं शेवटचं उत्तर नसतं. तिलाही भीती वाटते, तिलाही लोगां क्या बोलेंगे. आवाज चढवू नका, निघून जाऊ नका, पण मागेही घेऊ नका. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन पुन्हा तिच्याजवळ बसा.

आणि ज्याने मनाच्या डॉक्टरबद्दल लिहिलंय त्याला सांगतो. भीती इतकी असेल की झोप लागत नाही, जेवण जात नाही, घराबाहेर पडवत नाही, तर हे सगळे उपाय नंतर. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, तेवढीच ती गोष्ट आहे.

शेवटचं सांगतो. बदल करायचा की नाही, कोणता करायचा, हे मी ठरवणार नाही. बुरखा सोडू इच्छिणारी आणि हिजाब घालू इच्छिणारी, दोघींना माझं सांगणं एकच : निर्णय तुमचा असू द्या, भीतीचा नको. पूर्ण विचार करून 'नाही करत' असं ठरवलंत तर तोही निर्णय आहे, त्याचा मान आहे. पण 'उद्या बघू' हा निर्णय नाही.

कागदाचे तीन रकाने आज झोपण्याआधी भरा. तिसऱ्या रकान्यातली सगळ्यात लहान गोष्ट निवडा आणि या आठवड्यात ती करा. पोटात गोळा येईल. येऊ द्या. त्याला सोबत घेऊनच बोला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.